कुंकवाचं बटण

आश्विन लागला की आमच्या सुभानपुऱ्यात दिवेलागणीला सप्तपर्णीचा वास सुटतो. दिवसभर ही झाडं रस्त्याकडेला निमूट उभी असतात, फुलं आहेत हेसुद्धा लक्षात येत नाही. आणि अंधार पडायला लागला की त्यांचा वास इतका जड होऊन खाली उतरतो की डोकं धरावं. याच दिवसांत मैदानांवर बांबू येऊन पडतात, दिव्यांच्या माळा टांगल्या जातात, आणि ऑफिसात जो तो एकच प्रश्न विचारतो, “तू कया ग्राउंड पर?”, म्हणजे यंदा कुठल्या मैदानावर खेळणार. बडोद्यात नवरात्रात गरब्याला न जाणारी मुलगी एक तर आजारी असते, नाहीतर घरात सुतक असतं. माझं दोन्ही नसतं. मी “पाय दुखतोय” सांगते. इतक्या वर्षांत या एका पायाने माझ्यासाठी किती सोसलंय!

खरं म्हणजे मला इतक्या लोकांनी बघितलेलं चालत नाही. तीन टाळ्यांच्या गरब्यात एखादी टाळी चुकली तर कुणी मला फासावर देणार नाही, हे मला कळतं. पण कळून काय होतं?

काल कपाटातून माझं खेळायचं यंत्र बाहेर काढलं. दोन हातांत धरायचं, पुस्तकाएवढं. मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. उजव्या बाजूचं एक बटण दाबलं तर ते खाली गेलं आणि सावकाश, कंटाळल्यासारखं वर आलं. त्याच्या कडेला अजून लाल रेघ आहे. दुकानवाला म्हणाला होता, खोलून साफ करून देतो. मी नको म्हटलं होतं. का, ते त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीचा तो श्रावण. सकाळी दाढी करताना बाबांच्या हातातला ब्रश पडला, आणि तो उचलायला वाकलेले बाबा उठेनात. उजवी बाजू गेली होती. आमची लिफ्ट त्या दिवशी बंद होती, म्हणून इमारतीतल्या लोकांनी त्यांना चादरीत घालून, झोळी करून, जिन्याने खाली नेलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती. “शुं थयुं? कोण छे?” आम्हा मोहितेंच्या घरातला माणूस, ज्याने आयुष्यात कुणाला आपली पिशवीसुद्धा उचलू दिली नाही, तो असा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून झोळीत चालला होता, आणि त्याने डावा हात तोंडावर धरला होता. मी मागोमाग उतरत होते. त्या जिन्यात माझ्या मनात बाबांविषयी काळजी होती असं लिहायला मला आवडलं असतं. होतीच. पण तिच्या शेजारी आणखी एक गोष्ट होती: मी घरातला जुना, खांद्याला उसवलेला गाऊन घातला होता, आणि सगळे बघत होते.

झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. पाय लवकर सुधारला. बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं झालं. हात मात्र राहिला. घरी यायच्या त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोन वाट्या समोर ठेवल्या, एकीत हरभऱ्याची डाळ. चिमटीत एक एक दाणा धरून दुसऱ्या वाटीत टाकायचा. “काका, मुठी तो आवी जशे,” त्या म्हणायच्या, “चपटी मुश्केल छे. अंगूठो अने आंगळी मळवा जोईए.” मूठ येईल, चिमूट अवघड, अंगठा आणि बोट जुळायला हवं. बाबा डाळीकडे असे बघायचे की जणू ती त्यांचा अपमान करायला स्वयंपाकघरातून मुद्दाम चालत आली आहे. मकरपुऱ्याच्या कंपनीत त्यांनी सगळी नोकरी टूलरूममध्ये काढली. लोखंडावर केसभर चूक त्यांना चालायची नाही. आणि आता डाळ. दोन दिवसांनी त्यांनी वाटी सरकवून दिली. “पोरखेळ आहे हा.”

“मग पोरखेळच खेळा,” आई म्हणाली, आणि टेबलावर पडलेलं माझं जुनं यंत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. “ही तुमची लेक दिवसरात्र बोटं नाचवते त्याच्यावर. तिला कधी चिमूट मागितली का कुणी?”

आई रागाने म्हणाली होती. पण बाबांनी ते उचललं.

हा खेळ शिकारीचा. एकट्याने खेळता येतो, पण खरी मजा चौघांनी, निदान तिघांनी मिळून. डोंगराएवढं एखादं जनावर असतं, शेपटीने झाडं पाडणारं. त्याला आपण सगळ्यांनी मिळून पाडायचं. वेळ लागतो. जनावराच्या खोडी शिकाव्या लागतात, ते कधी दम घेतं, कधी उसळतं. आणि त्यातला एक नियम मला पहिल्यापासून छळत आला आहे. शिकारी बेशुद्ध पडला की दोन बुटके हमाल येतात, त्याला झोळीत टाकतात आणि तळावर आणून सोडतात. तीन झोळ्या झाल्या की शिकार संपली. कुणाच्या झोळ्या, ते बघत नाहीत. एकच जण तिन्हीदा पडला तरी सगळ्यांनी रिकाम्या हाताने घरी जायचं.

मला शाळेतल्या रिले शर्यतीपासून या गोष्टीची धास्ती आहे. आपण एकटं हरलेलं परवडतं.

आमच्या तिघांतली तिसरी म्हणजे कृपा. वरच्या मजल्यावरची, माझ्याच वयाची, बँकेत नोकरी करणारी, आणि माझ्या अगदी उलट. ती जिन्यात भेटली तर पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत बोलते. तिचं यंत्र घेऊन ती संध्याकाळी आमच्याकडे यायची, चप्पल दारात उडवायची, आणि सोफ्यावर मांडी घालून बसायची. तिला पहिल्या दिवशी बाबांच्या हातात यंत्र दिसलं, तेव्हा मला वाटलं, आता ही हसणार. मी घाईघाईने म्हणाले, “ते जस्ट… एक्सरसाइज म्हणून.”

“काका, हथियार कयुं लीधुं?” कृपाने मला ओलांडून विचारलं.

“तलवार,” बाबा म्हणाले. “सगळ्यात मोठी.”

“ए तो बहु भारी छे, काका! एक घा मारो त्यां सुधीमां तो जनावर चा पीने आवी जाय.”

“मोहितेंच्या घरात येऊन तलवार सोडून काय घेऊ, लाटणं?”

आमचा कोणी पूर्वज बडोदे सरकारच्या फौजेत होता. त्याची आठवण म्हणून आमच्याकडे एक खंजीर आहे, धार केव्हाच गेलेला. बाकी फौजेचं काही उरलेलं नाही. पण बाबा हे वाक्य बोलले तेव्हा आईने आतून मान बाहेर काढून बघितलं. श्रावणापासून त्यांनी विनोद केला नव्हता.

त्या संध्याकाळी ते पहिल्याच मिनिटात पडले. पडद्यावर हमाल धावत आले, झोळी उचलली, निघाले. बाबांनी झोळी तळापर्यंत जाताना बघितली. मग म्हणाले, “हे लोक बरे. जिन्यात कुणाला दार उघडू देत नाहीत.”

बाबांना जिन्याने नेलं त्या दिवशी कृपा घरी नव्हती, तिला संदर्भ कळला नाही. मला कळला. मी औषधाच्या बाटल्या मोजत असल्याचा आव आणला. आमच्या घरात असंच असतं. लाज वाटली की आम्ही काहीतरी मोजायला घेतो.

भाद्रपद असाच गेला. बाहेर कधी सर, कधी ऊन, गणपती आले आणि गेले, आणि आमच्या बैठकीत रोज संध्याकाळी शिकार. बाबांचा डावा अंगठा ठीक होता, त्यामुळे ते धावायचे छान. मारायचं बटण उजवीकडे. तिथे त्यांचा अंगठा जायचा, थांबायचा, घसरायचा. शेवटी कृपाने तोडगा काढला. “काका, तमे दोडावो, अमे मारीए.” बाबा पुढे, जनावर मागे, आणि आम्ही दोघी त्याच्या पायांवर. “काका, डाबे! डाबे! अरे पूंछडीनी सामे ना ऊभा रहो!” “अगं पण ते डावीकडेच वळलं, मी काय करू?” “तमेय वळो ने!” खाली वाण्याच्या दुकानापर्यंत ऐकू जायचं. मी खिडकी लावून घ्यायची.

मला जनावरं चांगली वाचता यायची. ते कान पाडतं म्हणजे आता धावणार, मागचा पाय घासतं म्हणजे उडी घेणार. कृपाला यातलं फारसं येत नसे, तरी ती आमच्यात सगळ्यात कमी वेळा पडायची, आणि दुसऱ्यांनाही पडू द्यायची नाही. उजवीकडचं एक बटण दाबून धरलं की आपल्याजवळचं औषध जोडीदाराला लागू पडतं. ते ती अचूक वेळेला दाबायची. एकदा बाबा माझ्या अगदी शेजारी पडले आणि माझ्या पिशवीत औषध तसंच राहिलं, तेव्हा ती वैतागली. “ईशा, तू आखो वखत जनावर सामे जुए छे. कोईक वार माणस सामे पण जो!”

सगळा वेळ जनावराकडे बघतेस. कधीतरी माणसाकडेही बघ. तिने खेळातलंच सांगितलं होतं. माझे कान मात्र तापले. कारण मी बाबांच्या हाताकडे बघत नसे, हे मला माहीत होतं. जेवताना घास पडला की मी भाजीकडे बघायची. पाहुणे आले की बाबा उजवा हात उशीखाली सरकवायचे आणि मी चटकन उशी नीट करायची, म्हणजे तो आणखी झाकला जाईल. आम्ही दोघांनी न ठरवता हे जमवून घेतलं होतं. एका रक्ताची माणसं.

नवरात्र बसलं आणि कंपनीतून फोन आला. दसऱ्याला तिथे यंत्रांची पूजा असते. सगळी मशीन बंद, धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातलेली. निवृत्त झाल्यावरही पहिला टिळा बाबांनीच लावायचा, असा रिवाज पडून गेला होता. फोन मोठ्या आवाजावर होता. “मोहितेभाई, दशेराए आवो छो ने? तमारा वगर पूजा कोण करशे?”

बाबा म्हणाले, “आ वखते नहीं फावे.” मग आमच्याकडे न बघता म्हणाले, “डाव्या हाताने पूजा करतात का कुणी?”

आईने त्यांना समजावलं, मग ती चिडून आत निघून गेली. श्रावणापासून बाबा इमारतीच्या फाटकाबाहेर दवाखान्याशिवाय गेले नव्हते. या दसऱ्याला नाही गेले तर पुढच्याही जाणार नाहीत, आणि मग कुठेच नाही, हे आम्हा दोघींना दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या आत कुठेतरी हायसंही वाटलं. त्या मोठ्या शेडमध्ये, सगळ्या कामगारांसमोर, बाबांचा हात थरथरताना मला बघावं लागणार नव्हतं.

खंडेनवमीला आम्ही घरातली हत्यारं पूजतो. पाटावर लाल कापड, त्यावर तो बोथट खंजीर, बाबांचं मोजमापाचं व्हर्नियर, आईची विळी. गेली काही वर्षं माझा लॅपटॉपही असतो. नवमीला मांडलेलं दसऱ्यालाच उचलायचं, मध्ये हात लावायचा नाही. त्या सकाळी मी न्हाऊन बाहेर आले तर पाटावर लॅपटॉपच्या जागी आमची दोन्ही यंत्रं. माझं नवं आणि त्यांचं जुनं, शेजारी शेजारी, वर झेंडूचं एकेक फूल. बाबा समोर बसून कुंकू लावत होते. कुंकू पाण्यात कालवलेलं, पातळ. मी बघितलं तेव्हा माझ्या यंत्रावर त्याचा ओघळ गेलेला होता, पडद्यावरून सरळ उजवीकडच्या औषधाच्या बटणाच्या फटीत. अक्षतासुद्धा.

तेवढ्यात दार उघडंच असल्यामुळे कृपा आत आली.

मला काय वाटलं ते नीट सांगायला हवं, कारण या सगळ्या लिहिण्याचं तेच कारण आहे. यंत्र बिघडेल याचं वाईट नंतर वाटलं. आधी वाटली ती लाज. खेळण्याला कुंकू लावणारे बाबा, ओला पाट, आईची विळी, मी केसांना टॉवेल गुंडाळलेली, आणि दारात कृपा. मी पुढे होऊन माझं यंत्र पाटावरून उचललं आणि ओढणीने पुसायला लागले.

“नवमीचं उचललंस?” बाबा म्हणाले. रागावले नव्हते. मग माझ्या हातातल्या लाल झालेल्या ओढणीकडे बघून म्हणाले, “हात हलला गं.” आणि हात पाठीमागे नेला.

हात हलला, हे ते पहिल्यांदाच तोंडाने बोलत होते. मी बटण दाबत होते. ते खाली गेलं होतं आणि वर येत नव्हतं.

“काका,” कृपा म्हणाली. ती पाटासमोर गुडघ्यावर बसली होती आणि जुन्या यंत्राकडे बघत होती. “आ चांदलो तमे कर्यो? जमणा हाथे?”

जुन्या यंत्राच्या बरोबर मध्यावर एक टिळा होता. छोटा, गोल, कडा न फुटलेला. त्यावर अक्षतांचे दाणे, मोजून ठेवल्यासारखे. उजव्या हाताने. म्हणजे अनामिकेने कुंकू लावून, मग अंगठा आणि बोट जुळवून एकेक दाणा उचललेला. चिमूट.

“काकी!” कृपा स्वयंपाकघराकडे ओरडली. “काकी, काकानी चपटी आवी गई! जल्दी आवो!”

आई पिठाच्या हातांनी धावत आली. बाबा पुन्हा हात पुढे करीनात, कृपाने तो हक्काने ओढून पुढे घेतला. बोटांवर कुंकू होतं. आईने ती बोटं आपल्या पिठाच्या हातात धरली आणि तशीच उभी राहिली. मी हे सगळं बाजूने बघत होते, हातात ते ओलं यंत्र घेऊन. जनावराचे कान पडलेले मला शंभर पावलांवरून दिसतात. आणि एका हाताच्या अंतरावर पडलेल्या त्या दोन टिळ्यांपैकी मला फक्त बिघडलेला दिसला होता.

दुसऱ्या दिवशी दसरा. कृपाच्या घरून फाफडा-जिलबी आली. खाता खाता बाबांनी स्वतः फोन लावला, डाव्या हाताने. “आवुं छुं,” एवढंच म्हणाले. मग मला, “ईशाबाई, सोडशील ना?”

स्कूटरवरून आम्ही मकरपुऱ्याला गेलो. शेडमध्ये तेलाचा वास आणि झेंडूचा वास एकमेकांत मिसळला होता. कधी नव्हे ती तिथे शांतता होती. लोक बाबांभोवती जमले, “केम छो, मोहितेभाई, हवे सारुं?” आणि मग बाजूला झाले, कारण पहिला टिळा. कुणीतरी तबक पुढे केलं. बाबांनी खिशातून उजवा हात काढला.

इतके लोक. सगळे एका हाताकडे बघत होते. मला पुन्हा तो उसवलेला गाऊन आठवला. मी माझ्या चपलांकडे बघितलं. डाव्या चपलेच्या पट्ट्यावर मातीचा शिंतोडा होता. तो मला आजही आठवतो. टिळा लावणं फार वेळ चाललं. मग नारळ फुटला, टाळ्या वाजल्या, आणि मी मान वर केली तेव्हा त्या मोठ्या लेथ मशीनसमोर माणसांची गर्दी झाली होती, पेढ्यांचे खोके उघडत होते. टिळा गर्दीच्या पलीकडे राहिला.

परत येताना बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, “बरा लागला ना गं?”

“गोल लागला,” मी म्हटलं. “एकदम मस्त.”

स्कूटरच्या आरशात ते माझ्याकडे बघत होते. “हं,” म्हणाले. सिग्नल सुटला.

तो गोल होता की ओघळला होता, मला ठाऊक नाही. कुणाला विचारायची सोय नाही. बाबा तेव्हापासून कंपनीत जातात, बाजारात जातात, फाटकाशी उभं राहून लोकांना उजव्या हाताने नमस्कार करतात. हात अजून थोडा हलतो, आणि त्याचं त्यांना आता फारसं काही वाटत नाही. वाटायचं सगळं माझ्याकडे उरलं आहे.

यंदाही कंपनीचा फोन येऊन गेला. परवा दसरा. बाहेर सप्तपर्णी पेटल्यासारखी दरवळते आहे, मैदानावरचा ढोल इथवर ऐकू येतो, आणि कृपा तिथे गेली आहे. काल संध्याकाळी मी ते यंत्र काढलं ते बाबांनीच म्हटलं म्हणून. “चल, बघू, येतं का अजून.” आम्ही दोघंच. ते नेहमीसारखे पुढे धावले, ती अवाढव्य तलवार पाठीवर घेऊन. जनावराने कान पाडले. या वेळी मी ते सोडलं आणि त्यांच्याकडे बघितलं. ते वळताना अडखळले, मला पडायच्या आधी दिसलं, अगदी स्पष्ट. मी ते औषधाचं बटण दाबलं. ते खाली गेलं, आणि तिथेच राहिलं. वर आलं तेव्हा उशीर झाला होता.

“सॉरी, बाबा. बटण अडकलं.”

“असू दे,” बाबा म्हणाले. “या वेळी बघत होतीस ना.”

मी पडद्यावरून नजर काढली नाही. तिथे दोन बुटके हमाल झोळी घेऊन धावत येत होते.